रुमालातून एक कागद



आजच्या भाषणाचा विषय मी माझ्या एका स्नेह्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे की काय ते पाहिले. त्यांचा काही दोष नाही. सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविणाऱ्या आणि मॅट्रिकपुढे शिक्षकाच्या पदविकेखेरीज काहीही न शिकलेल्या माणसाने संगणकावरील खेळांच्या गाठोड्यांतून एकच जिन्नस अलगद कसा बाहेर काढावा यावर बोलावे, हे कोणालाही चमत्कारिक वाटेल. परंतु प्रसंगच असा आला की, साठी उलटल्यावर मला ही विद्या चौदा वर्षांच्या नातवाच्या शेजारी बसून शिकावी लागली. ती शिकताना माझ्या जुन्या विद्येतील चार गोष्टी अनपेक्षितपणे उपयोगी पडल्या. त्या दोन्हींची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभी शब्दाचा उलगडा करतो. नातू प्रथम जेव्हा ‘मॉड’ म्हणाला, तेव्हा मी तो ‘मोड’ असा ऐकला, आणि कोल्हापुरात मोड म्हटले की मिसळीतील मटकीच डोळ्यांपुढे उभी राहते. त्याचा अर्थ निराळा निघाला, तरी फार दूरचा नव्हे. विकत मिळालेल्या खेळात खेळणाराने स्वतःच्या हौसेने केलेला फेरफार, त्याला मॉड म्हणतात. कोणी खेळातील मोटारीचा रंग बदलतो, कोणी पात्रांचे पोशाख बदलतो, कोणी आवाज बदलतो. कंपनीने पेरलेल्या दाण्याला खेळणाराने आणलेला हा मोडच म्हणा ना! असे फेरफार करणारे लोक आपले काम एका गाठोड्यात बांधून एकमेकांना देतात. खेळ स्वतःसुद्धा आतून अशाच गाठोड्यांचा बनलेला असतो. हजारो चित्रे व हजारो आवाज सुटे ठेवले तर शोधण्यात वेळ जातो आणि पसारा होतो. म्हणून ते एकामागून एक जोडून एकच लांबलचक फाइल करतात, आणि कोणता जिन्नस कोठे आहे त्याची यादी सोबत ठेवतात.

हे नातवाने सांगताच मला आपले दप्तर आठवले. पुण्यास १८९१ साली बांधलेल्या इमारतीत पेशवे दप्तर आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. तेथील मोडी कागद चौकोनी कापडात गुंडाळून बांधलेले असतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. रुमालात पुडकी, पुडक्यांत कागद. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातून निवडक कागद काढून पंचेचाळीस खंड छापले, ही एवढी माणसे हाताशी घेऊन केलेली विलक्षण मेहनत होय. आपल्या कोल्हापुरातही शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी ताराबाईकालीन कागदपत्रे संपादून छापली. हजारो कागदांतून हवा तो एकच कागद काढणे, तो काढताना बाकीचे न विस्कटणे, आणि तो कोठून काढला याची नोंद ठेवणे, हे त्या विद्येचे मर्म. मी तरुणपणी हौसेने मोडी शिकलो, तेव्हा आमच्या गुरुजींनी पहिला धडा गाठ सोडण्याचा दिला होता, वाचण्याचा नव्हे.

एक कडू आठवणही सांगून टाकतो. माझ्या वडिलांच्या जमिनीचा एक उतारा पाहण्यासाठी मी पूर्वी एका कचेरीत गेलो होतो. कोणती ते सांगत नाही. तेथील कारकुनाने मदत करण्याच्या सद्हेतूनेच पाच पुडकी एकदम टेबलावर मोकळी केली. माझा कागद सापडला. परंतु कागद परत बांधताना तो भलत्याच पुडक्यात गेला असावा. पुढे दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तो तेथे कागद नाही. त्यानंतर तीन खेपा घातल्या, आणि नाद सोडला. सबंध रुमाल उधळून एक कागद मिळविला की असे होते.

आता मुख्य हकीकत.

माझा मुलगा कॉलेजात होता त्या वेळी, म्हणजे २००४ सालच्या सुमारास, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ नावाच्या खेळाने कोल्हापुरातील तरुण मुलांना वेड लावले होते. एडिंबरो येथील मंडळींनी केलेला हा खेळ २००२ साली निघाला आणि पुढच्या वर्षी संगणकावर आला. १९८६ सालची मायामीसारखी एक नगरी त्यात आहे. तीत नायकाने मोटारी पळवाव्या, लोकांस लुबाडावे आणि पोलिसांपासून पळत सुटावे, असा एकंदर प्रकार. मास्तराच्या घरात हा खेळ चालावा याचे मला त्या काळी फार वैषम्य वाटे, आणि ते आजही पुरते गेलेले नाही. तथापि या खेळातच माझ्या मुलाने फेरफार केले. एका मोटारीला एस. टी.चा लाल रंग देऊन तिच्यावर ‘कोल्हापूर–गारगोटी’ अशी पाटी चढविली. मोटारीच्या भोंग्याऐवजी वडापच्या जीपचा भोंगा घातला. आणि त्या नगरीतील रस्त्यावरून चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईला धक्का लागला असता ती इंग्रजीत जे काही वस्सकन ओरडत असे, त्या जागी त्याने आपल्या आईचा आवाज घातला. तिला न सांगता स्वयंपाकघराच्या दाराआडून त्याने तो टिपला होता. पुढे ते तिला दाखविले, तेव्हा ती आधी रागावली आणि मग पदर तोंडाला लावून हसत बसली, हे मला चांगले आठवते. शेजारची मुले केवळ त्या बाईला धक्का देण्यासाठी आमच्याकडे खेळावयास येत.

माझी पत्नी २०१५ साली निवर्तली. तिची छायाचित्रे आहेत. आवाज मात्र कोठेच नव्हता. भ्रमणध्वनीवर बोलतानाही ती दोन वाक्यांत बोलणे आटोपी. तिचे बोलणे कोणी टिपून ठेवावे हे कोणाला सुचलेच नाही. मुलाचा जुना संगणक शुक्रवार पेठेतील आमच्या घरी तळमजल्यावर होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी घरात शिरले आणि छातीइतके चढले, त्यात तो गेला. पाणी ओसरल्यावर मी भिंतींचा चिखल धुतला, भांडी धुतली, आणि तो संगणक भंगारवाल्याला दिला. त्याच्या पोटात काय आहे हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. शिवला तो दोन वर्षांनी, दिवाळीत, मुलगा सहज बोलून गेला तेव्हा: “अण्णा, त्या मशीनमध्ये आईचा आवाज होता.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

शोध मग गेल्या वर्षीपर्यंत थंडावला होता. मुलाच्या एका मित्राने घर बदलताना जुन्या सीडींचा डबा उघडला, त्यात एकीवर मुलाच्याच अक्षरात ‘व्हाइस सिटी कोल्हापूर’ असे लिहिलेले आढळले. मुलाने आपला मॉड त्याला बांधून दिला होता. मुलगा पुण्यास नोकरीला. तेव्हा हे काम मी आणि नातू यांच्या वाट्याला आले.

हल्लीच्या संगणकांना सीडीची खिडकीच नसते. लक्ष्मीपुरीतील एका दुरुस्तीच्या दुकानात जुने यंत्र मिळाले. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे पुसावी, गोल गोल पुसू नये, हे त्या दुकानदाराने सांगितले आणि त्याचे कारणही सांगितले: मजकूर गोल ओळींत असतो, तेव्हा गोल ओरखडा पडला तर तो एकाच ओळीवरून लांबवर जातो, आडवा पडला तर प्रत्येक ओळीचा थोडाच भाग बिघडतो, आणि तेवढी चूक यंत्र स्वतः सुधारून घेते. तिसऱ्या प्रयत्नाला सीडी वाचली गेली. आत एकच गाठोडे होते, ‘रार’ जातीचे.

या जाती पुष्कळ आहेत. ‘झिप’ ही फिल कॅट्झ या अमेरिकन गृहस्थाने १९८९ साली काढली; ‘रार’ ही रोशाल या रशियन गृहस्थाची, आणि ‘सेव्हन-झिप’ ही पाव्हलॉव्ह या दुसऱ्या रशियन गृहस्थाने १९९९ साली पुढे आणली. तिन्हींत जिन्नस दाबून लहान केलेले असतात. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते आणि सर्वांची यादी गाठोड्याच्या अगदी शेवटी असते. म्हणून हवी ती एक फाइल बाकीच्यांना हात न लावता काढता येते. आणि म्हणूनच अर्धवट उतरलेली झिप उघडत नाही, कारण तुटतो तो नेमका यादीचा भाग. तशा स्थितीतही निराश होऊ नये. प्रत्येक फाइलच्या आधी तिच्या नावाची एक लहान चिठ्ठी असते, त्या चिठ्ठ्या धुंडाळून दुरुस्तीची साधने जेवढे शाबूत असेल तेवढे बाहेर काढू शकतात. उलट रार व सेव्हन-झिप यांत पुष्कळदा सर्व फाइली एकजीव करून दाबतात. त्याने जागा अधिक वाचते. परंतु शेवटची फाइल हवी असली तर तिच्या आधीचे सारे मनातल्या मनात उलगडावे लागते, आणि मध्ये एक ठिकाणी बिघाड झाला तर त्यापुढचेही बहुधा हाती येत नाही. सुताचा गुंडा आणि सुट्या सुतांच्या लडी यांत जो फरक, तोच येथे.

नातू उतावळा. त्याने गाठोडे उघडताच ‘सर्व काढा’ या कळीकडे हात नेला, आणि तोही स्वतःच्या खेळाच्या घरातच ते ओतावयास निघाला. मी त्याचा हात धरला. “आबा, काही होत नाही, सोडा की,” असे तो म्हणाला. त्याला मी कचेरीतील पुडक्यांची गोष्ट सांगितली. मग आम्ही प्रथम सबंध गाठोड्याची जशीच्या तशी नक्कल केली, मूळ सीडी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, आणि नकलेवर काम सुरू केले. गाठोड्याची नुसती यादी पाहता येते, काहीही बाहेर न काढता. हे पुष्कळांना ठाऊक नसते. यादीत खेळाच्या चित्रांची मोठी फाइल व तिचे सूचिपत्र, आवाजांची मोठी फाइल व तिचे सूचिपत्र, आणि एक ‘वाचा’ म्हणून चिठ्ठी, एवढेच होते. त्या यादीत एखादी स्वतःहून चालणारी फाइल दिसली असती तर ती उघडू नये, हा नियम नातवाने मला शिकविला. अनोळखी गाठोड्यांतून अपाय पसरतो तो बहुधा अशाच फाइलींतून. आवाजांच्या दोनच फाइली आम्ही निवडल्या व वेगळ्या, रिकाम्या घरात काढल्या. गाठोड्यात प्रत्येक फाइलीबरोबर तिचा एक ताळा लिहिलेला असतो. सर्व मजकुरावरून ठरावीक रीतीने काढलेला हा आकडा सुमारे ४२९ कोटी शक्य आकड्यांपैकी एक असतो. फाइल बाहेर निघताच संगणक तो पुन्हा काढून ताडून पाहतो. आमचा ताळा जमला. वीस वर्षे डब्यात पडलेल्या मजकुरातील एकही अक्षर बिघडले नव्हते, याची ती ग्वाही.

खरी अडचण येथून पुढे होती. बाहेरचा रुमाल सुटला, परंतु आतली आवाजांची फाइल हाही एक रुमालच होता, आणि तो सोडण्याचे यंत्र बाजारातील सामान्य साधनांत नाही. चित्रांच्या बाबतीत या खेळाचे सूचिपत्र सरळ आहे. प्रत्येक नोंद ३२ बाइटांची: चार बाइटांत जागा, चार बाइटांत लांबी, आणि चोवीस बाइटांत नाव. जागा व लांबी २,०४८ बाइटांच्या ठोकळ्यांत मोजलेली असते. १९९३ साली निघालेल्या ‘डूम’ या प्रसिद्ध खेळातही अशीच सोय होती. तेथे नोंद १६ बाइटांची असे, आणि नाव आठच अक्षरांचे. शिवाय त्या खेळाच्या कर्त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. खेळणाराने आपले फेरफार वेगळ्या लहान गाठोड्यात ठेवावे, खेळ ते मुळाच्या वर पांघरून घेई, आणि मूळ गाठोडे अस्पर्श राही. व्हाइस सिटीत आवाजांसाठी तसे काही नव्हते. माझ्या मुलाने सबंध मोठी फाइलच बदलून पुन्हा बांधली होती.

आणि आवाजांच्या सूचिपत्रात नावेच नाहीत! प्रत्येक नोंद वीस बाइटांची, पाच आकड्यांची: आवाज कोठे सुरू होतो, किती लांब आहे, एका सेकंदाचे किती तुकडे केले आहेत, आणि शेवटचे दोन आकडे तो पुन्हा पुन्हा वाजवावयाचा असल्यास त्याविषयीचे. बस्स. हजारो आवाज, सारे एकाला एक चिकटलेले, कोणावरही नाव नाही. माझ्या मुलाला फोन केला, तर त्याला क्रमांक आठवेना. एकेक ऐकत बसावे तर महिना जाईल.

नातवाने ते आकडे वाचणारा लहानसा कार्यक्रम ‘पायथन’ या संगणकी भाषेत लिहिला. ती भाषा तो स्वतःच शिकला आहे. पहिल्या प्रयत्नात आकडे आले ते भलतेच. एका नोंदीत सेकंदाचे तुकडे सत्तावन्न कोटी साठ लाख एकसष्ट हजार चारशे चाळीस! नातू डोके खाजवू लागला. त्या नोंदीतील चार बाइट मी कागदावर मांडून घेतले: ३४, ८६, ०, ०. मी त्याला विचारले, “पंचवीस हा शब्द म्हणताना आधी काय म्हणतोस? पाच की वीस?” तो म्हणाला, “पाच.” मग म्हटले, हे यंत्रही कदाचित मराठी बोलत असेल, लहान स्थान आधी, मोठे मागाहून. अंकांची गती डावीकडे, असे आपल्या जुन्या ज्योतिष्यांचे सूत्रच होते. येथे प्रत्येक स्थान दहापटीचे नसून २५६ पटीचे. ८६ गुणिले २५६ म्हणजे २२,०१६. त्यात ३४ मिळविले की २२,०५०. हा आकडा पाहताच नातू खुर्चीवरून उठलाच. आवाज टिपण्याचा तो एक नेहमीचाच आकडा आहे म्हणे. आयुष्यभर पोरांकडून एकं, दहं, शतं घोकून घेतल्याचे मला त्या दिवशी चीज वाटले.

नंतर दोन ताळे पाहिले. सूचिपत्राच्या एकूण लांबीस वीसने भागले, तो भाग निःशेष गेला. शेवटच्या नोंदीची जागा अधिक तिची लांबी, ही बेरीज मोठ्या फाइलीच्या लांबीशी तंतोतंत मिळाली. म्हणजे नोंदी आम्ही बरोबर वाचीत होतो.

आता नाव नसलेल्या गर्दीतून माणूस कसा ओळखावा? या ठिकाणी मला परीक्षेतील कॉपी पकडण्याची जुनी युक्ती उपयोगी पडली. दोन मुलांच्या वह्या शेजारी ठेवाव्या, आणि जेथे त्या निराळ्या होतात तेथे बोट ठेवावे. मुलाच्या मित्रापाशी मूळ खेळाची जुनी प्रतही होती. ती त्या काळी कोणत्या मार्गाने आली होती, हे मी विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. तिच्यातील अस्पर्श सूचिपत्र आम्ही मुलाच्या सूचिपत्राशेजारी ठेवले. पहिल्या बदललेल्या नोंदीपासून पुढच्या सर्वांच्या जागा सरकलेल्या असणार, कारण मध्ये घातलेला आवाज मुळापेक्षा लहान वा मोठा; तेव्हा जागा पाहून उपयोग नाही. लांबी मात्र ज्याचा आवाज बदलला त्याचीच बदलते. नातवाने दोन्हींच्या लांब्या वजा करून पाहिल्या. हजारो नोंदींत शून्य, शून्य, शून्य. आणि फक्त तीन ठिकाणी शून्य नाही.

त्या तीन नोंदी आम्ही एकेक बाहेर काढल्या. काढणे म्हणजे एवढेच: दिलेल्या जागेपर्यंत जावयाचे, दिलेल्या लांबीइतके बाइट उचलावयाचे, आणि निराळ्या फाइलीत ठेवावयाचे. परंतु हा मजकूर अगदी उघडा असतो. त्याच्या डोक्यावर टोपी नसते. आवाजाच्या नेहमीच्या ‘वेव्ह’ फाइलीला आरंभी ४४ बाइटांचा मथळा लागतो. त्यात सेकंदाचे तुकडे किती, आवाज एकपदरी की दुपदरी, हे लिहिलेले असते. तो नसेल तर वाजविणाऱ्या यंत्राला काही कळत नाही. नातवाने तिन्हींना एकसारखा मथळा जोडला.

पहिला आवाज कोणाची तरी शिटी निघाला. दुसरा वडापचा भोंगा, पण चिरका, पिपाणीसारखा. तिसरा लावला. एक बारीक, घाईघाईचा, बाहुलीसारखा आवाज पावणेदोन सेकंदांत काहीतरी बोलून गेला. शब्द ओळखीचे होते. आवाज तिचा नव्हता. नातू माझ्याकडे पाहू लागला. त्याला आजी आठवते ती चौथ्या वर्षाची आठवण, तेव्हा त्याला खूण पटण्याचा प्रश्नच नव्हता. तो माझ्या तोंडाकडे पाहून ठरविणार होता. मी मान हलविली. खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला हा सगळा खटाटोप नको होता असे झाले. जे स्मरणात होते त्यावर हा चिरका आवाज येऊन बसेल अशी भीती वाटली.

मग पुन्हा कागद घेतला. त्या नोंदीची लांबी १,५४,३५० बाइट. प्रत्येक तुकड्याला दोन बाइट लागतात. सेकंदाला तुकडे २२,०५०, म्हणजे सेकंदास ४४,१०० बाइट. भागाकार साडेतीन. म्हणजे हे बोलणे साडेतीन सेकंदांचे असावयास हवे, आणि आम्ही ऐकले ते बरोबर त्याच्या निम्म्यात. नातवाने मथळ्यात सूचिपत्रातील आकडा न घालता सवयीने ४४,१०० हा आकडा घातला होता. त्यामुळे यंत्र दुप्पट वेगाने वाचीत होते, आणि वेग दुप्पट झाला की स्वरही एक सप्तक वर जातो. हार्मोनियम वाजविणाऱ्यांस हे सांगावयास नको. नातवाने जीभ चावली, आकडा सुधारला, आणि माझ्याकडे न पाहता कळ दाबली.

“ये की रं जेवायला, भात गार व्हायलाय!”

मी तो आवाज दहा वर्षांनी ऐकला. शेवटचा शब्द ती नेहमी थोडा वर नेत असे, तो तसाच वर गेलेला होता. आधी कुकरची अर्धी शिटी आहे. आणि तिच्याही मागे, फार बारीक, एक पुरुषाचा आवाज एका मुलाला सतराचा पाढा पुढे म्हणावयास सांगत आहे; तो मी. संध्याकाळी आमच्या सोप्यावर शिकवणीची मुले येत असत, हे मी विसरून गेलो होतो. नातवाने ते पुन्हा लावले, मग मुलाला पुण्यास फोन करून फोनपाशी लावले. त्या बाजूने बराच वेळ काही आवाज आला नाही. नंतर तो एवढेच म्हणाला, “अण्णा, त्या दिवशी पिठलं होतं.”

असो. ज्यांच्या घरी असे जुने मॉड, जुनी गाठोडी पडून असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. अशा गाठोड्यात आपले थोडे व परक्याचे पुष्कळ असते. खेळातील इतर आवाज व चित्रे त्या कंपनीची आहेत, दुसऱ्या हौशी माणसाचा मॉड त्या माणसाचा आहे. ते बाहेर काढून आपल्या नावावर खपविणे हे योग्य नव्हे. मुलाने घातलेल्या तीन आवाजांपलीकडे आम्ही काही घेतले नाही. आणि सीडी, जुने पेन ड्राइव्ह वगैरे साठवणीच्या वस्तू आपण समजतो तितक्या टिकत नाहीत. पूर येण्याची वाट न पाहता नकला करून ठेवाव्या. आमच्या तीन नकला आहेत: एक मुलाकडे पुण्यास, एक येथे वरच्या मजल्यावर, आणि एक नातवाने आपल्या मामाकडे इचलकरंजीस नेऊन ठेवली आहे.

मुलाच्या मनात तो आवाज फोनच्या घंटीला लावावा असे होते. मी अद्याप रुकार दिलेला नाही. चारचौघांत, एस. टी.त, बँकेत तो वाजावा हे मला बरे वाटत नाही. परंतु तिला विचारले असते तर ती हसून हो म्हणाली असती, हेही खरे, म्हणून नकारही दिलेला नाही. फाइलीच्या नावाचा मात्र निर्णय झाला. नातवाने तिचे नाव ‘आजी’ एवढेच ठेवले होते. मी त्यापुढे मूळ सूचिपत्रातील नोंदीचा क्रमांक, सीडीवरील नाव आणि ती काढल्याची तारीख लिहावयास लावली. तो कुरकुरला, पण त्याने ते लिहिले.